हा ठिपका नसता तर

सरांनी मला नोकरीवर घेतलं ते माझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज साफ चुकला म्हणून. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा बघत राहतो. बघू दे. मी त्यांच्या खोलीत इतकी वर्षं काम केलं ते बरंचसं गोंधळलेल्या अवस्थेतच केलं, आणि आता ते नाहीत तरी माझा गोंधळ काही पुरता मिटलेला नाही.

बारामतीत एका खताच्या दुकानावर त्यांची खोली होती. खोली एकच, पण मध्ये लोखंडी कपाट आडवं लावून तिच्या दोन केलेल्या. पुढे दोन कॉम्प्युटर, मागे मातीच्या पिशव्या, काचेचे ग्लास आणि खिडकीत एक रिकामा तेलाचा डबा. सर पूर्वी कॉलेजात भूगोल शिकवायचे. ती नोकरी त्यांनी भांडून सोडली असं एक जण सांगायचा, कंटाळून सोडली असं दुसरा सांगायचा. मी सरांनाच विचारलं तर म्हणाले, "मधलं धर." आता भांडण आणि कंटाळा यांच्या मधलं काय असतं, ते तुम्हीच मला सांगा.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझे कागद बाजूला सारले आणि विचारलं, "भावंडं किती?"

"तिघं. थोरली बहीण, मग मी, मग भाऊ."

"छान. म्हणजे तू मधली. आता स्वतःबद्दल एक शब्द बोलू नकोस. बहीण कशी आहे ते सांग आणि भाऊ कसा आहे ते सांग."

मला वाटलं, असेल काही पद्धत. मी सांगितलं, बहीण म्हणजे गरीब गाय, कुणी काही बोललं तरी मान खाली. भाऊ घुम्या, दिवसभरात चार शब्द बोलला तर आई देवाला साखर ठेवते. सरांनी डोळे मिटले, बोटांनी टेबलावर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "म्हणजे तू शांत. ऐकून घेणारी. उलट न बोलणारी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, तुम्हाला माणूस पाहिजे का माणसाच्या शेजारचं पाहिजे? मी इथं धडधडीत समोर बसलेय, मला विचारा की! शेळगावहून एसटीत उभी राहून आलेय मी, ते काय बहिणीची चौकशी सांगायला?"

सरांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा असा फुलला की मीच दचकले. टेबलावर थाप मारून म्हणाले, "चुकलो! वा, काय सपशेल चुकलो! ये उद्यापासून."

खाली येऊन मी घरी फोन लावला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "काय काय इचारलं?"

"ताईबद्दल इचारलं. आन भावाबद्दल."

"आन नोकरी तुला दिली?"

"व्हय."

आबांनी ते तिथूनच आईला ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "माणूस बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, ठाऊक नाही.

काम काय, तर नकाशे. कुणाला जमिनीचा खारेपणा हवा असायचा, कुणाला विहिरींची पातळी, कुणाला पाऊस. पण सगळ्या रानात काही आपण माती काढायचं गिरमिट घेऊन फिरू शकत नाही. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका असं मोजायचं आणि ठिपक्यांच्या मधली जागा हिशोबानं रंगवायची. जवळच्या ठिपक्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. पुस्तकात त्याला अंतर्वेशन म्हणतात, कॉम्प्युटरवर इंटरपोलेशन. सर त्याला 'मधलं भरणं' म्हणायचे. त्यासाठी ते एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायचे, फुकट मिळणारं. विकतचं कुणी देऊ केलं तरी नको म्हणायचे. "हे उघडं आहे. यानं हिरवा का दिला, लाल का दिला, ते मला आत शिरून बघता येतं. बंद डब्यातला रंग मी शेतकऱ्याच्या रानाला कसा लावू?" असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आणि तेच सॉफ्टवेअर काम चालू असताना मध्येच बंद पडलं की स्क्रीनला हात जोडून "बाबा रे, का छळतोस" म्हणायचे.

रंगवण्याआधी एक आलेख काढावा लागतो. एका ठिपक्याची माती सांगते ते किती अंतरापर्यंत खरं धरायचं, हे त्यातून कळतं. सर त्याला 'शेजार किती लांब पोचतो' म्हणायचे, आणि हा प्रश्न त्यांनी मातीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. ते तो कशालाही लावायचे. एकदा मला विचारलं, "तुझ्या आईचा आवाज किती लांब पोचतो?"

"चिडली तर कालव्यापर्यंत."

"मग कालव्यापलीकडचे तुमच्याबद्दल काय बोलतात ते मनावर घेऊ नकोस. त्यांना काही माहीत नसतं."

आता हे शहाणपणाचं आहे का येडपटपणाचं? मी त्यावर एक अख्खा दिवस विचार केला. कालव्यापलीकडे माझी आत्या राहते, आणि तिचं बोलणं मी तेव्हापासून खरंच मनावर घेत नाही.

दुसरा नियम काठाचा. शेवटच्या ठिपक्याच्या बाहेर ते रंगाचा एक थेंब जाऊ द्यायचे नाहीत. नकाशा मागणारे म्हणायचे, सर, एवढा कोपरा पांढरा कशाला, भरून टाका की. सर म्हणायचे, "दोन ठिपक्यांच्या मधे मी बोलेन. काठाच्या बाहेर मी बोलत नाही." खालचे दुकानदार दरवर्षी मिरगाच्या आधी विचारायचे, सर, यंदा पाऊसपाणी कसं? उत्तर ठरलेलं, "काठाच्या बाहेर आहे." मी विचारायची, सर, उद्या दहाला येताय ना? "उद्या काठाच्या बाहेर आहे." आणि दुसऱ्या दिवशी हे आपले साडेनऊलाच जिन्यात उभे. असा राग यायचा!

चहाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी जिथं खारं तिथं डाळ शिजत नाही, दूध फाटतं आणि चहा खारट लागतो. बारामतीहून इंदापूरकडे कामाला निघालो की सर लासुर्ण्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घ्यायचे, मग पुढे जाऊन दुसऱ्या टपरीवर घ्यायचे, आणि मग मला घेऊन उलटे मागे यायचे ते मधल्या टपरीवर. तिथं कप हातात धरून, न पिता, मोठ्यानं जाहीर करायचे, "हा अंगचा थोडा खारट, पण घशाखाली उतरेल असा." मग एक घोट. अंदाज बरोबर निघाला की तोंड एवढंसं करून कप खाली ठेवायचे. चुकला की खूश. टपरीवाला एक दिवस वैतागलाच. "अवो सर, च्या प्यायला येताय का पंचनामा करायला?"

एकदा तो मधला चहा फक्कड निघाला. खारटपणाचा मागमूस नाही. सर उभे राहून ओरडले, "चुकलो!" टपरीवाला म्हणाला, "आवो, आता जारचं पाणी वापरतोय. बारामतीस्नं येतं." सरांचा आनंद जागच्या जागी विझला. परतीच्या वाटेवर ते स्वतःशीच बोलत होते, "म्हणजे हा चहा इथला नाहीच. उभा इथं आहे, पण आहे बारामतीचा. मग याला कुठं मोजायचं?" मी म्हटलं, सर, चहा होता, प्यायलो, संपला. ते म्हणाले, "असं कसं?" आणि घरी जाईपर्यंत तेच.

नकाशा तयार झाला की मग त्यांचा शेवटचा खेळ सुरू व्हायचा. एकेक ठिपका झाकायचा आणि विचारायचं, "हा ठिपका नसता तर?" म्हणजे याच्या तोंडावर हात ठेवला, तर शेजारचे ठिपके या जागेबद्दल काय सांगतात? मग हात काढायचा आणि याचं स्वतःचं ऐकायचं. दोन्ही जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर सर खुर्ची पुढे ओढायचे. ही तपासणी सगळेच करतात, सॉफ्टवेअर एका झटक्यात करून देतं. सर मात्र एकेक ठिपका हातानं झाकायचे, आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं विचारायचे. दिवसभर कपाटापलीकडून तेवढंच ऐकू यायचं. हा ठिपका नसता तर? हा नसता तर?

मग आमच्याच गावचं काम आलं.

शेळगावच्या खालच्या अंगाला कालव्याचं पाणी झिरपून झिरपून जमिनी खारवटल्या होत्या. जमिनीखालून पाइप घालायचा, खारं पाणी ओढ्याला काढायचं, अशी योजना होती. मुख्य पाइप एकच जाणार होता आणि तो कुठून न्यायचा ते आमच्या नकाशावरून ठरणार होतं. जिथं लाल, म्हणजे खारं, तिथून पाइप. आमचं खालचं रान त्याच भागात. तिथं मीठ फुटलं होतं, सकाळी बघावं तर रानावर पांढरी साय धरलेली असायची. त्या वर्षी तिथला ऊस गुडघ्याएवढा होऊन जो थांबला तो थांबलाच. पाइप आमच्या रानातून गेला तर रान वाचणार, नाही गेला तर आबांच्या डोळ्यांदेखत ते संपणार. घरात हे कुणी बोलत नव्हतं, पण आबा जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहायला लागले होते.

त्या बाजूला जायची वाट दुसऱ्यांच्या उभ्या उसातून. म्हणून तिकडच्या सगळ्या शेतकऱ्यांना सांगितलं, रानाच्या मधोमधची, हातभर खोल काढलेली माती पिशवीतून पाठवा. मी तेव्हा बारामतीतच राहायची, म्हणून आबांना फोनवर तीच गोष्ट तीनदा सांगितली. आबा म्हणाले, "व्हय व्हय, कळलं की."

पिशवी आबा स्वतः घेऊन आले. बाकीच्यांनी माती खताच्या पोत्याच्या कापडात बांधून दिली होती, आबांनी नवी कोरी कापडी पिशवी आणली होती. सरांनी हात घातला, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि एवढंच म्हणाले, "वा." लागेल तेवढी मोजायला घेतली, आणि उरलेली मागे नेऊन खिडकीतल्या तेलाच्या डब्यात ओतली. काही दिवसांनी बघितलं तर त्यात मिरचीचं रोप.

नकाशा झाला त्या दिवशी मी स्क्रीनपुढे बसले. खालचा सगळा भाग लालभडक, आणि मधोमध आमच्या रानावर हिरवा डाग. साधासुधा नाही, सगळ्या नकाशात त्याच्याइतकं हिरवं काही नव्हतं. त्या डागामुळे पाइपची सोयीची रेघ आमचं रान सोडून वरच्या अंगानं जात होती.

मी घरी फोन लावला. आईनं उचलला. "आई, आबांनी माती कुठली दिली गं?"

"कुठली म्हंजी? वरच्या कोपऱ्यातली. मेंढरं बसली व्हती बघ, तितली."

आमच्याकडे दरवर्षी पाहुण्यांची मेंढरं रानात बसवतात, त्यांच्या लेंडीखतानं जमिनीला कस येतो. त्या वर्षी ती वरच्या कोपऱ्यात बसली होती. आमच्या पंजोबांची स्वतःची मेंढरं होती, त्यामुळे आबांना त्या कोपऱ्याचा फार अभिमान.

"आई, अगं खालची द्यायची होती! मधली!"

"ती पांढरी फेक? पोरीच्या साहेबाकडं ती पाठवायची? लोक काय म्हंतील? आबांनी सोताच्या हातानं खडे येचले. माझी पिठाची चाळण घिऊन चाळली. म्हनलं, आवो चाळण ऱ्हाऊ द्या, तर म्हंत्यात, पोरीच्या हापिसात जानार हाय."

मी कपाळाला हात लावला. हसावं का रडावं ते कळेना. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी पोट धरून हसले असते.

सरांना जाऊन सगळं सांगितलं, चाळणीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू सांगतेस ते खरं असेल. पण तू मुलगी आहेस. मुलीच्या सांगण्यावरून मी आकडा बदलला तर उद्या सगळं गाव आपापली मुलगी घेऊन या जिन्यात उभं राहील."

"मग काय करायचं?"

"ये इकडे." त्यांनी आबांचा ठिपका झाकला. हिरवा डाग गेला, आमचं रान बाकीच्यांसारखं लाल झालं. हात काढला, पुन्हा हिरवं. झाकलं, लाल. "शेजारी एक म्हणतात, आबा दुसरं म्हणतात."

"मग शेजाऱ्यांचं ऐका ना!"

सर खुर्चीत वळले. "तुझी बहीण, तुझा भाऊ, दोघंही एकच सांगत होते. त्यांचंच ऐकलं असतं तर तू आज इथं बसली असतीस?"

मी तो ठिपका स्वतःच्या हातानं पुन्हा एकदा झाकून बघितला.

"रान बघायला पाहिजे," ते म्हणाले. नकाशा द्यायची तारीख अगदी तोंडावर आली होती, तरी आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. उभ्या उसातून वाट काढताना पातं लागून सरांच्या दोन्ही गालांवर ओरखडे उठले, आणि रानात पोचून मी बघते तर काय!

सर येणार हे मी घरी कळवलं होतं. पाहुणा येणार म्हणजे घरदार आवरायचं. आबांनी रान आवरलं होतं. पहाटेपासून खुरप्यानं पांढरी साय खरवडून बांधाच्या पलीकडे टाकली होती, आणि वर मोटार चालू करून सगळ्या रानाला पाणी दिलं होतं, म्हणजे उरलंसुरलं मीठ दिसायला नको. रान काळंभोर, घोट्याएवढ्या चिखलात. आबा धुतलेला सदरा घालून बांधावर उभे. "या सर. जरा वल्लं हाय, पर बघा कसं हाय आमचं रान."

सरांनी गिरमिट काढलंच नाही. पाणी दिल्यावर मीठ खाली उतरतं, त्या मातीचा काही उपयोग नसतो. मला हळूच म्हणाले, "ही जमीन आंघोळ करून, भांग पाडून बसलीय. आज ती काही खरं सांगायची नाही."

मग चहा. आमची वस्ती रानातच, पाणी तिथल्याच विहिरीचं. आईनं दूध घातलं आणि चहा फाटला. तिनं तो मोरीत ओतला, दुसरा टाकला, तोही फाटला. आई रडकुंडीला आली. "दूधच नासकं निघालं बघा सर." घरी रोज आम्ही कोराच चहा पितो, हे काही तिनं सांगितलं नाही. सरांनी तो फाटका चहा कप भरून मागून घेतला, सगळा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, अजून अर्धा कप द्या." आई माझ्याकडे बघत राहिली.

एसटीत मी विचारलं, "सर, आता तरी पटलं ना? चहा फाटला."

"चहा ही नोंद नाही."

"मग काय करणार तुम्ही?"

"किती लांबून विचारतेस?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. उत्तर द्यायचं नसलं की काढायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आबांचा ठिपका काढून टाकला. आकडा बदलला नाही, आमच्या रानावर कुठलाच आकडा ठेवला नाही. शेजारचे बोलले आणि आमचं रान लाल झालं. त्याच नकाशात टेकाडावरच्या एका रानाचा ठिपकाही शेजाऱ्यांशी अजिबात जुळत नव्हता. तो त्यांनी तसाच ठेवला. मी म्हटलं, "सर, मी जुळले नाही म्हणून मला ठेवून घेतलं. ते टेकाडवाले जुळले नाहीत, त्यांना ठेवलं. माझे आबा जुळले नाहीत तर त्यांना काढून टाकलं. हे कुठलं गणित?" मला पाइप हवाच होता, आणि तरी मी भांडत होते. स्वतःचंच मला कळत नव्हतं. सर म्हणाले, "टेकाडाची माती टेकाडाचीच आहे. नकाशा पाठव."

पाइप मंजूर झाला, आमच्या रानातून. नकाशाची मोठी प्रत गावात लागली आणि तिसऱ्याच दिवशी आबा बारामतीच्या जिन्यात. धापा टाकत आत आले ते थेट सरांच्या पुढे.

"सर, समद्या गावाच्या रानावर काळा ठिपका हाय. त्या पलीकडच्या आळशाच्या रानावर बी हाय. माज्या रानावर न्हाय. माजी माती तुमी मोजली न्हाय?"

"आबा, पाइप तर मिळाला," मी मधे पडले.

"तू गप. मी सरांना इचारतोय. माजी माती काय खोटी हाय?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. माझ्या वडिलांना मी असं कधी बघितलं नव्हतं, आणि मला सरांचा फार राग आला. सर उठले. मागच्या भागात गेले आणि तो तेलाचा डबा दोन्ही हातांत धरून घेऊन आले. मिरचीचं रोप कमरेएवढं झालं होतं, मिरच्यांनी वाकलं होतं. डबा त्यांनी आबांच्या पुढे टेबलावर ठेवला.

"आबा, बाकीच्यांनी मोजायला माती पाठवली. तुम्ही मला भेट पाठवलीत. चाळून, निवडून, नव्या पिशवीत. भेट कुणी मोजतं का? भेट ठेवून घ्यायची असते. मी ठेवून घेतली."

आबा त्या रोपाकडे बघत उभे राहिले. सरांनी मूठभर मिरच्या तोडल्या आणि त्यांच्या टोपीत घातल्या. "तुमच्याच रानातल्या आहेत. घरी न्या."

मी आबांना एसटीपर्यंत सोडायला गेले. जिना उतरताना आबा थांबले. "त्यांनी मला मान दिला का मला बोलले, गं?"

"मला बी कळलं न्हाय, आबा."

वर येऊन मी सरांना विचारलं, पिशवीत हात घातला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? मग आधी तो ठिपका नकाशावर ठेवलातच कशाला? एवढं आमच्या जिवाला घोर लावून? सर म्हणाले, "किती लांबून विचारतेस?" मी तणतणत कपाटापलीकडे जाऊन बसले. त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण आता सांगायला ते नाहीत. गेल्या हिवाळ्यात, साडेनऊला जिन्यात उभे राहायचे ते एके दिवशी राहिले नाहीत. झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी मी सवयीनं विचारलं होतं, सर, उद्या येताय ना? आणि ते नेहमीचंच बोलले होते.

खोली आता मी चालवते. कपाट तिथंच आहे. मिरचीचं रोप वाळलं, डबा मी टाकलेला नाही. सरांबद्दल विचारायला लोक येतात. कुणी म्हणतं देवमाणूस, कुणी म्हणतं जरा डोक्यानं हललेला. मी सांगते, मधलं धरा.

परवा आबा आले. पाइप पडून दोन हंगाम झाले, खालच्या रानात ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला आहे. आबांच्या हातात खताच्या पोत्याच्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"मधल्या रानातली हाय. हातभर खालची. चाळली न्हाय," आबा म्हणाले. "ही भेट न्हाय. मोज."

गाठोडं सोडलं. ढेकळं होती, मुळ्या होत्या, पाचटाचा तुकडा होता, एक खडा. मी माती पाण्यात कालवली, निवळू दिली, मीटर बुडवला. अजून किंचित खारी होती, पण पूर्वीची नाही. या वर्षीचे शेजारचे आकडे माझ्याकडे होतेच. मी नकाशा उघडला आणि आमच्या रानावर ठिपका ठेवला. आबा चष्मा लावून वाकले. मग मी तो ठिपका झाकला आणि तोंडातून आपसूक गेलं, "हा ठिपका नसता तर?" आणि कपाटापलीकडून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मला रडू कोसळलं.

"आगं, काय झालं? आकडा चुकला का?"

"न्हाय आबा. बरोबर आलाय. शेजारी सांगत्यात आन तुमची माती सांगती, एकच निघालं."

"मग रडती कशाला?"

"सर असते तर तोंड पाडून बसले असते. सगळं जुळलं की त्यांना करमायचं न्हाय."

आबांनी स्क्रीनवरच्या त्या काळ्या ठिपक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग कपाटाकडे बघून, हळू आवाजात म्हणाले, "मग त्यांना सांगू नगंस."